रोग्याचे गुपित आणि सरकारी नोंद

(सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या आनंदात रोगराईचा विषय काढणे थोडे अप्रस्तुतच. त्यातून आपण सर्वजण आत्ताच पंगतीवरून उठून आलो आहोत आणि पानात जिलबी होती. तेव्हा मधुमेहावर बोलणाऱ्या वक्त्याकडे आपण कोणत्या नजरेने पाहत असाल, याची मला कल्पना आहे. पण भिऊ नका, मी पथ्य सांगावयास उभा नाही. आपल्या संस्थेने या वर्षापासून मधुमेहाची मोफत तपासणी सुरू करण्याचे योजिले आहे. तपासणी झाली की आकडा निघतो, आणि आकडा निघाला की तो वहीत चढतो. ती वही कोणाची, ती कोणी उघडावी आणि उद्या सरकारने मागितली तर आपण काय करावे, एवढाच माझा विषय आहे.

तपासणीची गरज आहे, याबद्दल दुमत नसावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. देशातील मधुमेही 10 कोटी 10 लाखांच्या घरात असल्याचा अंदाज त्यांत आहे. आणि सर्व राज्यांत प्रमाण अधिक कोठे, तर आपल्या गोव्यात! प्रौढांमध्ये शेकडा 26.4. म्हणजे या सभागृहात चौघांमागे एक असे आपण धरून चालावे.

आता ही तपासणी कसली, ते थोडक्यात सांगतो. बोट टोचून पाहिलेली साखर त्या घटकेची असते. आदल्या दिवशी कडक उपास केला की ती शहाण्यासारखी वागते. रक्तातील साखर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटून राहते, आणि त्या पेशींचे आयुष्य सुमारे 120 दिवसांचे. त्यामुळे चिकटलेल्या साखरेचे प्रमाण मोजले, की मागल्या दोनतीन महिन्यांची सरासरी कळते. हीच ती एचबीएवनसी तपासणी. तेहरानचे डॉक्टर समुएल रहबर यांच्या लक्षात 1968 च्या सुमारास ही गोष्ट प्रथम आली. साडेसहा किंवा त्याहून अधिक आकडा मधुमेहाचा समजतात. या परीक्षेत लबाडी करता येत नाही, आणि म्हणूनच तिचा कागद घरातल्या माणसालासुद्धा दाखवावयास कित्येक जण कचरतात.

या कागदाचे सरकारी दप्तर बनविण्याचा प्रयोग न्यूयॉर्क शहराने केला. शहराच्या आरोग्य मंडळाने डिसेंबर 2005 मध्ये नियम संमत केला आणि 15 जानेवारी 2006 पासून तो अमलात आला. ज्या प्रयोगशाळा आपले अहवाल यंत्राद्वारे पाठवीत होत्या, त्यांनी प्रत्येक एचबीएवनसी तपासणीचा आकडा रोग्याच्या नावानिशी आणि पत्त्यानिशी आरोग्य खात्याकडे धाडावयाचा, असा तो नियम. साउथ ब्राँक्स हा गरीब वस्तीचा भाग. तेथून आरंभ करून डॉक्टरांना त्यांच्या रोग्यांच्या याद्या मिळू लागल्या, आणि ज्यांचा आकडा फार चढलेला, त्यांच्या घरी खात्याची पत्रे जाऊ लागली. पत्र नको असेल, तर तसे कळविण्याची सोय होती. परंतु नोंदच नको, असे म्हणण्याची सोय मात्र ठेवलेली नव्हती. रोग्याला आधी विचारावयाचे, हे तर त्या योजनेत नव्हतेच.

योजना करणारे लोक दुष्ट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. त्या वेळी शहराचे आरोग्य आयुक्त डॉ. थॉमस फ्रीडन होते. 1996 ते 2002 या काळात ते आपल्या देशात राहून क्षयनिवारणाच्या कार्यात साह्य करीत होते. क्षयाच्या बाबतीत प्रत्येक रोगी नोंदणे आणि औषध पुरे होईपर्यंत त्याची पाठ न सोडणे, हाच मार्ग आहे, आणि त्याने असंख्य जीव वाचले. त्यांच्या शहराची परंपराही तीच. हर्मन बिग्ज यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कने 1897 साली सर्व डॉक्टरांना क्षयरोग्यांची नावे कळविणे सक्तीचे केले, तेव्हा डॉक्टरमंडळींनी मोठा गहजब केला होता. पुढे तोच शिरस्ता जगभर रूढ झाला. आपल्याकडेही 2012 पासून क्षयाची नोंद सक्तीची आहे. तेव्हा जे क्षयाला लागू पडले, ते मधुमेहाला का लावू नये, असा विचार त्यांच्या मनात आला असल्यास नवल नाही.

पण माझ्या मते गोम येथेच आहे. क्षयरोगी खोकला, तर शेजाऱ्याच्या मुलाला धोका असतो. म्हणून शेजाऱ्याचा, आणि त्याच्या वतीने सरकारचा, त्या माहितीवर काही हक्क पोहोचतो. माझी साखर वाढली म्हणून शेजाऱ्याची वाढत नाही. (त्याच्याकडचे लाडू मी खाल्ले तर त्याचे नुकसान होईल, एवढेच.) सर्वोच्च न्यायालयानेही हा भेद जाणला आहे. एका रुग्णाच्या रक्तात एचआयव्हीचे विषाणू असल्याची गोष्ट रुग्णालयातून बाहेर गेली आणि त्याचे ठरलेले लग्न मोडले. 1998 साली न्यायालयाने रुग्णालयाला दोष दिला नाही. कारण होणाऱ्या वधूच्या प्रकृतीला प्रत्यक्ष धोका होता. असा दुसऱ्याचा जीव मधुमेहाच्या आकड्यात कोठे अडकला आहे?

कोणी म्हणेल, सरकारने जाणले तर बिघडले काय? न्यूयॉर्कच्या नियमात गुप्ततेचे बंधन होते. आकडा रोगी आणि त्याचे डॉक्टर यांच्यापलीकडे जाऊ नये, असाच हेतू होता. ते खरे. परंतु जी वही आज बंद आहे ती उद्याचा अधिकारी उघडणार नाही, याची हमी आजचा अधिकारी कशी देणार? आणि आपला समाज केवढा! येथे प्रत्येकाला प्रत्येकाचे आजोळ ठाऊक. मुलीच्या रक्तात साखर आहे एवढे कानावर आले, की चालून आलेले स्थळ "पत्रिका जुळत नाही" म्हणून परत जाते. हे भय मनात असेल, तर आईबाप मुलीला तपासणीला आणणारच नाहीत, आणि जिला औषधाची गरज आहे तीच घरी बसेल. नोंदीच्या अट्टाहासाने तपासणीच ओस पडावी, यासारखा उलटा व्यवहार नाही.

रोग्याच्या घरची गोष्ट बाहेर बोलू नये, अशी शिकवण चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला दिलेली आहे. हे बंधन वैद्याचे झाले. नागरिकाचा हक्क म्हणून खाजगीपणाला घटनेचे संरक्षण आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितले, आणि माहितीच्या रक्षणाचा कायदा संसदेने 2023 साली संमत केला.

सरकारला मोजदाद हवी असते, आणि ती हवीच. कोणत्या तालुक्यात किती मधुमेही, किती जणांचा आकडा नऊच्या वर, हे कळल्याशिवाय औषधे कोठे धाडावीत हे कसे ठरणार? त्यासाठी संख्या पुरते, नाव लागत नाही. ज्याला घरी पत्र यावे, कोणीतरी आठवण करून द्यावी असे वाटते, त्याचे नाव अवश्य घ्यावे, पण त्याला विचारून. एकट्या राहणाऱ्या वृद्धांपैकी कित्येक जण आनंदाने होय म्हणतील, अशी माझी खात्री आहे. ज्यांची मुले परगावी आहेत, त्यांना कोणी विचारपूस केलेली हवीच असते.

तेव्हा विश्वस्त मंडळापुढे माझ्या सूचना अशा. तपासणीच्या वहीत नाव न लिहिता क्रमांक लिहावा. नाव आणि क्रमांक यांची जुळणी दुसऱ्या वहीत असावी, आणि तिच्या कपाटाची किल्ली डॉक्टरांजवळ राहावी. देणगीदार, विश्वस्त किंवा मी, कोणी मागितली तरी ती मिळू नये. अहवाल पाकिटात बंद करून ज्याचा त्याच्या हाती द्यावा, सुनेचा सासूच्या हाती नव्हे. सरकारकडे महिन्याची संख्या कळवावी. कायद्याने कधी नावे देणे भागच पडले, तर ते रोग्याला आधी कळवावे.

संमतिपत्राचा मसुदा मी चिटणिसांकडे दिला आहे. त्यात एकच प्रश्न मोठ्या अक्षरांत ठेवला आहे: आपले नाव संस्थेबाहेर कळविण्यास आपली हरकत आहे काय? उत्तराची जागा कोरी राहिली, तर हरकत आहे असेच समजावे, असे खाली लिहिले आहे. मंडळाच्या पुढील बैठकीत तो मसुदा वाचला जाईल. ज्यांना त्यात दुरुस्ती सुचवावयाची असेल त्यांनी त्यापूर्वी चिटणिसांकडे लेखी द्यावी.