राखणीचा कुत्रा घेताना



दोन वर्षांमागची गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंच्या गोठ्यातून एका रात्रीत तीन शेळ्या गेल्या. त्यातल्या दोन गाभण. शेळ्या गटाच्या कर्जातून घेतलेल्या, त्यामुळे शेळ्या गेल्या तरी हप्ता काही चुकला नाही. पुढच्या बैठकीत ताईंनी अठरा हजार मागितले. कशाला, तर रॉटवायलरचं पिल्लू आणायला. शेळी घ्यायची म्हटलं की आम्ही दात बघतो, कास बघतो. इथं मात्र तो खाणार किती, त्याला आवरणार कोण, हे कुणीच विचारलं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. चूक गटाची होती, एकट्या ताईंची नाही.

पिल्लू गोड होतं. वर्षभरात चाळीस किलोचं झालं. राखणीचा कुत्रा तिखट व्हावा म्हणून त्याला दिवसभर साखळीला ठेवलं. भाकरी पुढं ढकलायची आणि मागं सरायचं, एवढाच माणसांशी संबंध. एक दिवस साखळीचा हुक निघाला आणि त्यानं शेजारच्या सात वर्षांच्या मुलीचा दंड धरला. आम्ही पोचलो तेव्हा आजीनं जखमेत हळद-चुना भरला होता. तो धुऊन काढला, नळाच्या धारेखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुतली आणि मुलीला सरकारी दवाखान्यात नेलं. जखम खोल होती, म्हणून लसीबरोबर जखमेभोवती सीरमही दिलं. लसीच्या सगळ्या तारखा आम्ही गटाच्या वहीत लिहिल्या आणि एकही चुकू दिली नाही. कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवला, तो ठीक राहिला. मुलगी बरी आहे. दोन घरांचं बोलणं मात्र अजून सुरळीत नाही.

बांधून ठेवल्यानं कुत्रा राखणदार होत नाही, बिथरतो. चोर कोण आणि पाहुणा कोण, हे त्याला माणसांत राहूनच कळतं. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये. आणल्यावर पुढचे दोन महिने त्याला लेकरं, म्हातारी माणसं, शेळ्या, मोटारसायकल, सगळं दाखवावं. शेळ्यांसाठी हवा असेल तर त्याची जागा करडांशेजारीच करावी. धनगरांचे कुत्रे असेच मेंढरांत वाढतात, म्हणून ते कळपाला आपलं घर समजतात. दिवाळीनंतर वाडे कोकणाकडे निघतात तेव्हा त्यांच्याशी बोलून बघा. आई-बाप डोळ्यांनी बघता येतात, ही मोठी सोय. आई अंगावर धावून येणारी असेल तर ते पिल्लू राहू द्या. कारवान कुत्रा उंच आणि देखणा, पण तो सशामागं पळणारा. त्याला मोकळं रान लागतं. दाट केसांचे थंड मुलखातले कुत्रे आपल्या वैशाखात नुसते धापा टाकतात. ते फोटोतच बरे.

आता बिबट्याचं. उसाच्या पट्ट्यातल्या बहिणींनी हे नीट ऐका. कुत्रा हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, तो याचसाठी. कुत्र्यानं बिबट्याशी झुंजावं ही अपेक्षाच नको, त्यानं भुंकून आपल्याला जागं करावं, बस्स. रात्री त्याला अंगणात साखळीला बांधू नका, तो पळूही शकत नाही. शेळ्यांबरोबर त्यालाही जाळीच्या बंद गोठ्यात घ्या.

खाण्याचं म्हणाल, तर नुसत्या भाकरीवर एवढा देह पोसत नाही. अंडं, शिजवलेलं मांस, थोडं ताक द्यावं. कांद्या-लसणाचं कालवण आणि शिजलेली हाडं नकोत. मोठ्या कुत्र्याला दिवसाचं जेवण दोनदा विभागून द्यावं आणि जेवल्याबरोबर पळवू नये, पोटाला पीळ पडून जीव जातो. बोकड कापल्यावर कच्ची आतडी, फुप्फुसं, काळीज कुत्र्यापुढं टाकायची आपली जुनी सवय. त्यातून त्याच्या पोटात एक बारीक पट्टकृमी होतो. त्याची अंडी विष्ठेतून चाऱ्यावर, हातावर येतात आणि मग शेळीच्या, कधी आपल्याही काळजात पाण्याच्या गाठी होतात. म्हणून ते खोल पुरा आणि दर तीन महिन्यांनी कुत्र्याला जंताचं औषध द्या. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग डॉक्टर सांगतील तशी, आणि दर वर्षी. पिल्लाच्या बाकीच्या लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू होतात.

ताईंचा तो कुत्रा अजून त्यांच्याकडेच आहे. आता त्याला कुंपण केलंय, मुलगा दोन्ही वेळा तोंडाला जाळी लावून फिरवतो. शेळ्यांत मात्र एक धनगरी मादी पिल्लू आलंय. रात्री करडांच्या कुशीत झोपतं. अठरा हजारांचे चार हप्ते अजून बाकी आहेत.