टेकड्यांचा निरोप



माझ्या एका मित्राचा मुलगा गिटार शिकतो. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली, आणि हा मुलगा अंधारातच आतल्या खोलीत काहीतरी वाजवत बसलेला. संथ चाल होती. कुणीतरी निघालेलं आहे, पण उंबऱ्याशी पाय अडलाय, असं काहीसं वाटत होतं. मी विचारलं, "स्पॅनिश का रे?" तो म्हणाला, "नाही काका, इटालियन. आणि गंमत म्हणजे ज्यांनी हे लिहिलं त्यांना गिटार वाजवताच येत नव्हती. ते पियानोवाले."

त्या पियानोवाल्याचं नाव मारिओ कास्तेलनुओवो-तेदेस्को. नाव लांबलचक आहे, आपल्या जिभेला जरा जड जातं. म्हणून पुढे मी त्यांना नुसतं मारिओ म्हणणार आहे. मी गवई नाही, पाश्चात्त्य संगीतातला जाणकार तर मुळीच नाही. कविता लिहिणारा माणूस आहे. पण त्या संध्याकाळनंतर या माणसाविषयी मिळेल ते वाचत गेलो, मिळेल ते ऐकत गेलो. त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगायचं आहे.

मारिओंचा जन्म ३ एप्रिल १८९५ रोजी फ्लॉरेन्सचा. घर सावकारी पेढीचं, ज्यू धर्माचं. १४९२ साली स्पेनमधून ज्यूंना हाकलून दिलं, तेव्हा हे घराणं इटलीत आलं असं सांगतात. म्हणजे त्यांच्या जन्माच्या वेळी या मुलुखात येऊन चारशे वर्षं होऊन गेली होती. चारशे वर्षं हा काही थोडाथोडका काळ नाही. एवढ्या काळात मातीची चव पाण्यात उतरते आणि पाण्याची बोलण्यात.

पियानोचे पहिले धडे आईनं दिले. नऊ वर्षांचं पोर असताना त्यांनी पियानोसाठी स्वतःच्या रचना केल्या. पुढे फ्लॉरेन्सच्या संगीतशाळेतून १९१४ साली पियानोची पदवी घेतली. रचनाशास्त्र शिकले ते इल्देब्रांदो पिझेत्ती या मोठ्या संगीतकाराच्या हाताखाली. आल्फ्रेदो कासेल्ला हे तेव्हाचे नामांकित पियानोवादक आणि संगीतकार. त्यांनी या तरुणाच्या रचना आपल्या मैफिलींतून वाजवल्या आणि मारिओंचं नाव इटलीबाहेर गेलं. मॅकिआव्हेलीच्या प्रहसनावर त्यांनी संगीतिका रचली, ती १९२६ साली व्हेनिसला रंगभूमीवर आली. मॅकिआव्हेलीही फ्लॉरेन्सचाच. थोडक्यात, गावाच्या लेकरानं गावाच्या लेखकाला सूर दिले.

आता एक छोटी गोष्ट सांगतो. मारिओंच्या आईचे वडील वारल्यानंतर पुष्कळ दिवसांनी घरात एक लहानशी वही सापडली. आजोबांनी काही हिब्रू प्रार्थनांना स्वतः चाली लावून त्या वहीत उतरवून ठेवल्या होत्या. आजोबांना संगीत येतं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं! नातवानं ती वही उघडली आणि त्याच्या आत कुठंतरी एक दार उघडलं. १९२५ साली त्यांनी पियानोसाठी 'दावीद राजाची नृत्यं' ही रचना केली. हा दावीद म्हणजे आमच्या घरातले हजरत दाऊद. त्यांच्या गळ्याची गोडी अशी की आमच्याकडे सुरेल आवाजाला आजही 'लहन-ए-दाऊदी' म्हणतात. पुढे हायफेट्झ या जगद्विख्यात व्हायोलिनवादकानं मारिओंकडून एक कन्चेर्टो मागून घेतला. कन्चेर्टो म्हणजे एका वाद्यानं सगळ्या वाद्यवृंदाशी केलेलं संभाषण. या कन्चेर्टोच्या तीन भागांना मारिओंनी यशया, यिर्मया आणि एलीया या तीन प्रेषितांची नावं दिली. मग आलं १९३३ साल. जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. त्याच वर्षी न्यूयॉर्कला हायफेट्झनी तो वाजवला आणि तोस्कानिनींनी वाद्यवृंद चालवला.

गिटार त्यांच्या आयुष्यात आली ती १९३२ साली, व्हेनिसच्या संगीतमहोत्सवात. आंद्रेस सेगोव्हिया हा स्पेनचा गिटारवादक. या वाद्याला त्यानं चहाच्या अड्ड्यावरून थेट मोठ्या सभागृहात आणून बसवलं होतं. पण वाजवायला नवीन रचना हव्या होत्या. त्यानं मारिओंना गळ घातली. मारिओ म्हणाले, मला या वाद्यातलं ओ की ठो कळत नाही. मग सेगोव्हियानं तारा कशा लावतात ते लिहून कळवलं आणि नमुन्यादाखल जुन्या-नव्या रचना धाडून दिल्या. मारिओंनी पियानोवर बसून गिटारीचं व्याकरण समजून घेतलं आणि पहिली रचना पाठवली. ती पाहून सेगोव्हिया थक्क झाला. पियानोला दहा बोटं आणि अठ्ठ्याऐंशी पट्ट्या. गिटारीला सहाच तारा. मोठ्या वाड्यात वाढलेल्या माणसानं दीड खोलीचा संसार नेटका मांडावा, तशी ही कारागिरी होती. पुढे आयुष्यभरात त्यांनी या वाद्यासाठी शंभराच्या आसपास रचना केल्या. शिकले मात्र ते वाद्य कधीच नाहीत.

१९३५ साली फ्लॉरेन्सच्या मुख्य चौकात, उघड्यावर, सावोनारोला या धर्मसुधारकाच्या जीवनावरचं नाटक झालं. त्याचं संगीत मारिओंचं होतं. मुसोलिनीच्या राजवटीलाही तेव्हा हा माणूस आपलाच वाटत होता. पुढे अवघ्या तीन वर्षांत चित्र पालटलं.

१९३८ साली इटलीत वंशभेदाचे कायदे झाले. पण कायदा छापून यायच्या आधीच मारिओंचं संगीत रेडिओवरून बंद करण्यात आलं. ठरलेले कार्यक्रम रद्द होऊ लागले. सप्टेंबरात ज्यू मुलांना आणि शिक्षकांना सरकारी शाळांतून काढलं. नोव्हेंबरात सरकारी नोकऱ्या गेल्या, परधर्मीयांशी लग्नं करायलाही बंदी आली. इटलीत ज्यू होते किती? हजार माणसांमागे एक! मारिओ दोन शाळकरी मुलांचे बाप होते. त्यांनी तोस्कानिनींना पत्र लिहून सगळी परिस्थिती कळवली. तोस्कानिनी स्वतः फॅसिस्टांशी भांडण घेऊन बसलेले. त्यांनी अमेरिकेत येण्यासाठी हमी द्यायचं कबूल केलं.

श्रोतेहो, इथं मी जरा थांबतो. गावाला परकं होणं हे एका दिवसात होत नाही, आणि त्याची सुरुवात दगडानं होतेच असंही नाही. कविसंमेलन आटोपल्यावर कधी कधी कुणीतरी प्रेमानं जवळ येतं आणि म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" माणूस भला असतो, हेतू चांगला असतो. मी हसून आभार मानतो. पण घरी येताना एस.टी.च्या खिडकीशी बसून मनात येतं, शेजारच्या खुर्चीतल्या जोशीबुवांना हे कुणी म्हणत नाही. माझी आई ओवी म्हणत दळण दळायची, ती याच भाषेत. मारिओंच्या दुःखाशी माझी बरोबरी नाही, तशी ती करूही नये. त्यांच्या देशानं त्यांच्याविरुद्ध कायदा केला. माझ्या देशाच्या घटनेनं मला हक्क दिला आहे आणि माझी कविता याच रेडिओवरून गेली आहे. पण त्या कौतुकातली बारीक टोचणी ज्याला माहीत आहे, त्याला रेडिओ बंद होण्याचा अर्थ चटकन कळतो.

१९३८च्या त्या हिवाळ्यात, नाताळच्या सुमारास, सेगोव्हिया फ्लॉरेन्सला आला. मित्र खचलाय हे त्यानं पाहिलं. तो धीर द्यायला आला होता, आणि त्या काळात मारिओंकडे जाणं हेच धाडस होतं. मारिओंनी गिटारीसाठी एक कन्चेर्टो लिहायचं फार दिवसांपूर्वी कबूल केलं होतं, ते अडून राहिलं होतं. मित्राच्या येण्यानं ते सुटलं. पहिला भाग त्यांनी झपाट्यानं लिहिला. दुसरा भाग म्हणजे टस्कनीच्या टेकड्यांचा निरोप, असं त्यांनीच पुढे आत्मचरित्रात नोंदवलं आहे. सुरूची उंच झाडं, ऑलिव्हची रानं, आणि आपण आता इथून जाणार. मित्राचा मुलगा त्या पावसात वाजवत होता, ते हेच. त्यात राग नाही, शाप नाही. जी जागा आपल्याला नको म्हणते आहे, तिच्याकडे हा माणूस शेवटचं डोळे भरून बघतोय. बस्स, इतकंच.

१९३९च्या उन्हाळ्यात पत्नी क्लारा आणि दोन मुलांसह मारिओ बोटीनं अमेरिकेला गेले. सप्टेंबरात महायुद्ध पेटलं. ऑक्टोबरात सेगोव्हियानं तो कन्चेर्टो पहिल्यांदा वाजवला तो दक्षिण अमेरिकेत, उरुग्वेची राजधानी मोन्तेव्हिदेओ इथं. टेकड्यांचा निरोप टेकड्यांना ऐकू गेलाच नाही.

अमेरिकेत ते आधी न्यूयॉर्कजवळ राहिले. तिथं त्यांनी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर आपला दुसरा पियानो कन्चेर्टो स्वतः वाजवला. पण मैफिलींवर चौघांचं पोट भरणार कसं? हायफेट्झनी शब्द टाकला आणि हॉलिवूडमधल्या एम.जी.एम. या कंपनीत काम मिळालं. चाळिशी ओलांडलेला, युरोपात नावाजलेला संगीतकार चित्रपटांच्या पार्श्वसंगीताचे तुकडे लिहू लागला. सुमारे दोनशे चित्रपटांना त्यांचा हात लागला म्हणतात. बहुतेक ठिकाणी पडद्यावर नाव नाही. ते कुरकुरत बसले नाहीत. दिवसा स्टुडिओचं काम, उरलेला वेळ आपलं काम. १९४६ साली ते अमेरिकेचे नागरिक झाले.

आणि शिष्य किती मिळाले! हेन्री मॅन्सिनी, आंद्रे प्रेव्हिन, जेरी गोल्डस्मिथ, जॉन विल्यम्स. ही हॉलिवूडच्या पुढच्या पिढीची नामावळीच आहे. यातले जॉन विल्यम्स म्हणजे 'जॉज' आणि 'ज्युरासिक पार्क'चे संगीतकार. १९९३ साली 'शिंडलर्स लिस्ट' आला. ज्यूंच्या कत्तलीची ती कहाणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. त्यातली व्हायोलिनची ती काळीज पिळवटणारी धून याच शिष्याची. गुरूच्या आणि शिष्याच्या सुरांचं नातं मी सांगू शकत नाही. पण ते ऐकताना मला गुरूची आठवण होतेच.

कवी म्हणून मला त्यांचं आणखी एक अप्रूप वाटतं. शेक्सपिअरच्या नाटकांतल्या गीतांना त्यांनी मूळ इंग्रजीतच चाली लावल्या, तीही तेहतीस गीतांना, आणि इटलीत राहत असताना! पुढे अनेक भाषांतल्या कविता त्यांनी स्वरबद्ध केल्या. त्यांची रीत साधी होती. आवडलेली कविता आधी पाठ करायची. मग ती मनात मुरू द्यायची. काही दिवसांनी ती आपोआप गुणगुणली जाते, तीच तिची चाल. कवितेत गाणं असतंच, ते शोधायचं, बाहेरून चिकटवायचं नाही. आपल्याकडच्या सुगम संगीतवाल्यांनी हे वाक्य पेटीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

१९६० साली त्यांनी हिमेनेथ या स्पॅनिश कवीच्या 'प्लातेरो आणि मी' या पुस्तकातले अठ्ठावीस तुकडे निवडले आणि निवेदक व गिटार यांच्यासाठी रचना केली. प्लातेरो हे एका गाढवाचं नाव. कवी आपल्या गाढवाला घेऊन गावभर हिंडतो आणि त्याच्याशी बोलतो. हिमेनेथही यादवी युद्धामुळे देश सोडलेला, परमुलखात वारलेला. एका परागंदा माणसाच्या गावाला दुसऱ्या परागंदा माणसानं सूर दिले.

त्यांच्यावर टीकाही झाली. फार भराभर लिहितात, फार लिहितात, जग नव्या वाटांनी गेलं तरी हे गोडव्याला चिकटून बसलेत, असं म्हटलं गेलं. दोनशेहून जास्त रचनासंग्रह एका माणसानं लिहिले म्हटल्यावर सगळंच सोनं असणार नाही. पण ज्याचं एकदा घर गेलं, त्यानं रोज थोडं थोडं घर बांधत राहावं, यात मला तरी वावगं दिसत नाही.

युद्धानंतर ते इटलीला जाऊन येत, पण राहायला परतले नाहीत. मात्र त्यांनी शेक्सपिअरच्या 'व्हेनिसचा व्यापारी' या नाटकावर संगीतिका लिहिली. शायलॉकचं नाटक! शतकानुशतकं युरोपनं ज्याला हसून घेतलं, त्या ज्यू सावकाराचं. १९५८ साली इटलीतल्या स्पर्धेत तिला पहिलं पारितोषिक मिळालं आणि १९६१ साली ती रंगभूमीवर आली. कुठं? फ्लॉरेन्सला. ज्या गावातून बाहेर पडावं लागलं, त्याच गावानं सभागृहात बसून शायलॉकचं म्हणणं ऐकून घेतलं. संगीतकार आता अमेरिकेचा नागरिक होता.

१६ मार्च १९६८ रोजी कॅलिफोर्नियात बेव्हर्ली हिल्स इथं त्यांचं निधन झालं. तिथंही टेकड्या आहेत, पण त्या वेगळ्या.

परवा मित्राच्या मुलाला हे सगळं सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, मी हे फार रडवं वाजवत होतो. आता जरा सरळ वाजवीन." मला वाटतं, पोराला मर्म कळलं.

श्रोतेहो, एका रेडिओनं ज्याचं संगीत बंद केलं, त्या माणसाविषयी आज मी दुसऱ्या एका रेडिओवर बोललो. या भाषणानंतर त्या कन्चेर्टोचा दुसरा भाग तुम्हाला ऐकवला जाईल. सात-आठ मिनिटांचा आहे. हातातलं काम क्षणभर बाजूला ठेवून ऐका.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)