शास्त्राच्या घराला किती दरवाजे?
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



दहावीचा निकाल लागला की पालक मला विचारतात, "सर, मुलाला सायन्सला घातले आणि मेडिकल-इंजिनिअरिंगला नंबर लागला नाही, तर पुढे काय?" जणू शास्त्राच्या घराला दोनच दरवाजे आहेत!

इंडियन सायन्स काँग्रेसचे उदाहरण घ्या. १९१४ साली कलकत्त्यास तिचे पहिले अधिवेशन सर आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. १०५ शास्त्रज्ञ जमले, ३५ निबंध वाचले गेले. विभाग सहा होते : वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, मानववंशशास्त्र, भूगर्भशास्त्र, पदार्थविज्ञान आणि प्राणिशास्त्र. पाहा, या सहांत ना डॉक्टरी होती, ना इंजिनिअरिंग!

विभाग कशासाठी? खडकांवरचा निबंध खडक जाणणाऱ्यांपुढेच वाचला पाहिजे, तरच त्यातील चूक सापडते. म्हणून सभासद आपल्या अभ्यासाचा विभाग निवडतो. प्रत्येक विभागाला स्वतंत्र अध्यक्ष असतो आणि सर्वांवर मिळून एक प्रमुख अध्यक्ष. १९७५ साली हा मान रसायनशास्त्रज्ञ डॉ. असीमा चटर्जी यांना मिळाला. या पदावरील त्या पहिल्या महिला. मुलींच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे.

ज्ञान वाढले तसे विभागही बदलले. २००० साली पुनर्रचना होऊन १४ विभाग झाले. त्यांत शेती व वनशास्त्र आले, पशुवैद्यक व मत्स्यशास्त्र आले, पर्यावरण आले. म्हणजे शेतकऱ्याच्या मुलीला आणि मच्छीमाराच्या मुलालाही तिथे हक्काची जागा आहे.

मात्र विभाग म्हणजे तुरुंग नव्हे. डॉ. ओबैद सिद्दीकी अलीगढला वनस्पतिशास्त्र शिकले. ग्लासगोला जाऊन त्यांनी बुरशीच्या आनुवंशिकतेवर संशोधन केले. १९६२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. ती संस्था मुख्यतः पदार्थविज्ञान व गणिताची, पण तिथे त्यांनी जीवशास्त्राचा नवा विभाग उभारला. पुढे फळांवरची एवढीशी माशी घेऊन, प्राण्याला वास कसा कळतो याचा शोध घेतला. १९८४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो निवडले.

तेव्हा पालकहो, मुलाला "डॉक्टर की इंजिनिअर?" असे विचारू नका. "तुला कशाचे कुतूहल वाटते?" असे विचारा आणि उत्तर शांतपणे ऐका. विद्यार्थ्यांनो, एक दार बंद दिसले म्हणून घरी परतू नका.

अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो. खुदा हाफिज.