औषधाआधी विचारावयाचा प्रश्न



घरात कर्करोगाचे नाव निघाले की सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न असतो : माणूस वाचेल ना? तो स्वाभाविक आहे. पण रोगी वीस-पंचवीस वर्षांचा असेल, तर त्याच दिवशी दुसराही प्रश्न विचारावयास हवा आणि तोच आपल्याकडे संकोचापायी गिळला जातो. बरे झाल्यावर याला, किंवा हिला, मूल होईल काय?

आम्ही आज त्या प्रश्नाचीच वकिली करणार आहोत. स्त्रीबीजांचा साठा जन्मतःच ठरलेला असतो. जन्मसमयी दहा-वीस लाख, वयात येताना तीन-चार लाख, पुढे भर नाही. सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधे या साठ्यावरच घाला घालतात. पुरुषाचे शुक्रजंतू नित्य नवे घडतात खरे, पण ते घडविणाऱ्या मूळ पेशीच नष्ट झाल्या तर तेही थांबते. सर्वांचेच असे होते असे नाही; औषध, मात्रा आणि वय यांवर ते अवलंबून आहे.

उपाय काही कालचा नाही. गोठविलेल्या शुक्रजंतूंपासून गर्भ राहिल्याचे वृत्त अमेरिकेतील आयोवाहून १९५३ सालीच प्रसिद्ध झाले. १९७८ साली कलकत्त्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्यायांनी गोठविलेल्या गर्भापासून कन्या जन्मास आणली. सरकारी समितीने त्यांनाच खोटे ठरविले, हा कटू इतिहास वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

पुरुषाचे काम एक-दोन दिवसांत होते. स्त्रीला दहा ते चौदा दिवस इंजेक्शने घेऊन बीजे काढून घ्यावी लागतात. मग ती उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये राहतात. पूर्वी पाळीची वाट पाहावी लागे, आता तीही लागत नाही. म्हणजे सारा खेळ दोन आठवड्यांचा! आणि हे दोन आठवडे आपण कशात घालवितो? वडील आणि काका आत डॉक्टरांशी बोलतात, मुलगी बाहेर बाकावर बसलेली असते. ‘आधी पोर उठून बसू दे’ म्हणून विषय मिटतो. अहो, तिला विचारा तरी! लग्न झालेले नसले तरी अडत नाही. गर्भ गोठवावयाचा तर पुरुषबीज लागते, नुसती बीजे मात्र तिची एकटीची असतात.

काही तीव्र रक्तकर्करोगांत दोन आठवडेही थांबता येत नाही, हे खरे. वयात न आलेल्या मुलीसाठी बीजांडकोशाचा तुकडाच गोठविण्याची सोय आहे. बेल्जियममध्ये १९९७ साली एका तरुणीचा असा तुकडा ठेवला, पुढे तो परत बसविला आणि २००४ साली तिला मूल झाले. रक्तकर्करोगात मात्र तुकड्याबरोबर रोगपेशीही परत जाण्याचे भय असते.

गर्भारपणाने रोग उलटेल, ही शंका आपल्यापैकी अनेकांच्या मनात असेल. स्तनाच्या कर्करोगातून उठलेल्या ५१६ तरुणींची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. मुलासाठी त्यांनी संप्रेरकांवरील औषध काही काळ थांबविले होते. सुमारे तीन वर्षांच्या त्या पाहणीत रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही.