एका आडनावाचे दोन उगम



जर्मन आडनाव म्हटलं की आपल्याकडे पहिल्यांदा आठवतं ते मॅक्सम्युलर. ऋग्वेद छापून जगापुढे ठेवणारे हे पंडित. भारतातल्या जर्मन सांस्कृतिक केंद्रांना त्यांचंच नाव दिलेलं आहे, त्यामुळे पुण्यामुंबईत 'मॅक्सम्युलर भवन' पुष्कळांच्या तोंडी असतं. म्युलर म्हणजे चक्कीवर धान्य दळून देणारा. जर्मनीत सर्वाधिक लोकांचं आडनाव हेच आहे. त्याच्या मागोमाग श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी, वेबर म्हणजे विणकर. आडनावात धंदा लपलेला असतो हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. सुतार, लोहार, तांबोळी, अत्तार, शिकलगार हे सगळे आपल्याच गल्लीत राहतात.

आज मात्र मी बोलणार आहे ते यांच्याच पंगतीतल्या, पण जरा निराळ्या आडनावाबद्दल. ते आडनाव 'मायर'. मराठी कानाला ते 'माहेर'सारखं ऐकू येतं, पण या मायरला दोन माहेरं आहेत. म्हणूनच त्याची गोष्ट सांगावीशी वाटते.

पहिलं माहेर लॅटिन भाषेतलं. लॅटिनमध्ये 'मायोर' म्हणजे मोठा, थोरला. इंग्रजीतला 'मेयर' म्हणजे नगराचा महापौर, फ्रेंचमधला 'मेर', लष्करातला 'मेजर', ही सगळी याच शब्दाची लेकरं. जुन्या फ्रँक राजांच्या दरबारात 'मायोर डोमुस' म्हणजे घरातला मोठा, राजवाड्याचा मुख्य कारभारी असे. हे कारभारी इतके बलवान झाले की राजा नावालाच उरला. आपल्याकडे छत्रपतींच्या गादीशेजारी पेशवाई वाढली, तसंच काहीसं. चार्ल्स मार्टेल हा असाच एक कारभारी. त्याच्या मुलानं, पिपिननं, इसवी सन 751मध्ये नामधारी राजाला बाजूला सारून स्वतःच मुकुट घातला. शार्लमेन हा या पिपिनचा मुलगा.

दरबारातला शब्द हळूहळू खेड्यात उतरला. मध्ययुगात जमीन राजाची, सरदाराची किंवा मठाची असे. मालक स्वतः नांगर धरत नसे. गावात त्याचा एक मुख्य वाडा आणि वाड्याची शेती असे. ती बघायला, भोवतालच्या कुळांकडून धान्य, कोंबड्या, अंडी आणि वेठबिगार वसूल करायला, बारीकसारीक तंटे सोडवायला एक माणूस नेमलेला असे. तो मायर. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर थोडा पाटील, थोडा कुलकर्णी आणि बराचसा खोत. बाराव्या-तेराव्या शतकापासून ही व्यवस्था विस्कटत गेली. मालकांनी जमिनी खंडानं लावायला सुरुवात केली आणि कारभारी मायर स्वतःच खंडकरी शेतकरी झाला. उत्तर जर्मनीत तर पुढे 'मायर' म्हणजे मोठं खातं कसणारा शेतकरी असाच अर्थ रूढ झाला. तिथे पूर्ण मायर आणि अर्धा मायर अशा प्रतीही असत. राजाच्या उजव्या हातापासून सुरू झालेला शब्द बांधावर येऊन थांबला. आडनावं पक्की होण्याचा काळही साधारण हाच. गावोगाव एकेक मायर होता, म्हणून गावोगाव मायर आडनाव झालं.

एका गावात दोन मायर असले की मग विशेषणं लागत. वरच्या आळीतला तो ओबरमायर, खालच्या आळीतला नीडरमायर, देवळाजवळचा किर्शमायर, ओढ्याकाठचा बाखमायर. नव्यानं आलेला तो नीमायर, कारण उत्तरेकडच्या बोलीत 'नी' म्हणजे नवा. हा 'नवा मायर' किती दूर गेला पाहा. ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया 1960मध्ये उभी राहिली. तिथल्या मोठमोठ्या इमारतींचे वास्तुकार ऑस्कर नीमायर. घराण्यातल्या जर्मन पूर्वजांकडून आलेलं हे आडनाव त्यांनी जगभर नेलं.

वेस्टफालिया भागात आणखी एक मजा होती. तिथे नाव माणसाचं नसून शेतवाड्याचं असे. वाड्याला मुलगा नसला आणि घरजावई आला तर तो आपलं आडनाव सोडून वाड्याचं आडनाव लावी. पोरंबाळंही त्याच नावानं वाढत. लग्नानंतर बाईनंच नाव बदलायचं हा नियम जमिनीपुढे वाकत असे.

आता या आडनावाच्या स्पेलिंगची गंमत. उच्चार एकच, मायर, पण रोमन लिपीत लिहायच्या चार ठळक तऱ्हा. मधे 'ई-आय', 'ई-वाय', 'ए-आय' किंवा 'ए-वाय'. शिवाय दक्षिणेकडे शेवटचा 'ई' गाळून लिहायची रीत आहे ती वेगळीच. या तऱ्हांना अर्थाचा काही फरक नाही. पूर्वी चर्चच्या नोंदवहीत पाद्रीबुवा कानाला येईल तसं लिहीत. बापाचं स्पेलिंग एक आणि लेकाचं दुसरं असंही होई. 1876पासून सगळ्या जर्मनीत सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि त्या दिवशी वहीत जे होतं ते कायम झालं. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी लिहिलेली जन्मतारीख कायम होते, तसंच.

पण त्यामुळे एक सोय झाली. स्पेलिंगवरून मूळ मुलूख ओळखता येऊ लागला. 'ई-वाय' मायर दिसला तर तो बहुधा उत्तरेचा, हानोफर-ब्रेमेनकडचा. 'ए-आय' असेल तर नैर्ऋत्येचा, व्युर्टेम्बर्गकडचा. 'ए-वाय' असेल तर दक्षिणेचा, बव्हेरिया किंवा ऑस्ट्रियातला. शेवटचा 'ई' गाळलेला असेल तर डोंगराळ टिरोल किंवा त्याच्या आसपासचा. स्वित्झर्लंडमध्ये 'ई-आय' मायर इतके आहेत की म्युलरच्या खालोखाल त्यांचाच नंबर लागतो. जर्मनीत ही सगळी स्पेलिंगं वेगवेगळी मोजली तर मायर मागे पडतो. एकत्र मोजली तर तो अगदी वरच्या चार-पाचांत येऊन बसतो.

इतकं साधं आडनाव असलं की त्याची थट्टाही होणारच. 'म्युलर, मायर, शुल्त्स' म्हणजे आपला 'सोम्यागोम्या'. क्लबा-मंडळांच्या कारभारात रमलेल्या माणसाला जर्मन लोक 'मंडळमायर' अशा अर्थाचा शब्द वापरतात. 1855च्या सुमारास म्युनिकच्या एका विनोदी साप्ताहिकात गोटलीब बीडरमायर नावाच्या भाबड्या शाळामास्तरांच्या कविता छापून येऊ लागल्या. 'बीडर' म्हणजे सरळमार्गी, जरासा भोळसट. असे कुणी मास्तर नव्हतेच. लुडविग आइशरोट हे कायदेपंडित आणि आडॉल्फ कुसमाउल हे डॉक्टर, या दोन मित्रांनी त्यांना जन्माला घातलं होतं. पण नाव असं चिकटलं की 1815 ते 1848 या काळातल्या घरगुती, शांत, खुर्ची-टेबलांत रमणाऱ्या सबंध जीवनशैलीला आज 'बीडरमायर' म्हणतात. नसलेल्या कवीच्या नावानं एक कालखंड ओळखला जावा, हे भाग्य आम्हा असलेल्या कवींना कुठलं!

असलेल्या एका कवीची गोष्टही सांगतो. स्वित्झर्लंडचे मोठे कवी कोनराड मायर यांच्याच झुरिकमध्ये त्याच नावाचा दुसरा लेखक होता. मग यांनी वडिलांचं 'फर्डिनांड' हे नाव मधे घालून घेतलं आणि कोनराड फर्डिनांड मायर म्हणून ते प्रसिद्ध झाले. वडिलांचं नाव मधे लावायची मराठी रीत झुरिकमध्येही अडचणीला धावून आली म्हणायची.

आता दुसरं माहेर.

हिब्रू भाषेत 'मेईर' म्हणजे प्रकाश देणारा. ज्यू लोकांत हे फार जुनं नाव आहे, आडनाव नव्हे, पहिलं नाव. तेराव्या शतकात जर्मनीत रोटेनबुर्गचे रब्बी मेईर नावाचे थोर धर्मपंडित होऊन गेले. ते कवीही होते. पॅरिसमध्ये ज्यूंचे धर्मग्रंथ गाडे भरभरून जाळण्यात आले, तेव्हा त्यांनी लिहिलेला विलाप आजही म्हटला जातो. पुढे जर्मन राजानं त्यांना कैदेत टाकलं. लोक खंडणी भरायला तयार होते. पण एकदा खंडणी भरली की राजे रोज एकेका रब्बीला पकडतील, म्हणून त्यांनीच नकार दिला, असं परंपरा सांगते. 1293मध्ये ते कैदेतच वारले. मृतदेह सुटायला आणखी चौदा वर्षं लागली. एका श्रीमंत गृहस्थानं पैसे भरून तो सोडवला. ऱ्हाइनकाठच्या वर्म्स गावात दोघांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत.

त्या काळी ज्यूंना कायम आडनाव नसे. याकोब, मेईरचा मुलगा, एवढ्यावर काम भागे. 1787मध्ये ऑस्ट्रियाच्या सम्राटानं, 1808मध्ये नेपोलियननं आणि 1812मध्ये प्रशियानं ज्यूंना कायम आडनाव घ्यायला लावलं. कर, लष्कर, शिरगणती यांसाठी सरकारला माणूस नोंदवहीत सापडायला हवा होता. मग ज्याच्या बापाचं किंवा आजाचं नाव मेईर होतं, त्यानं साहजिकच मायर आडनाव घेतलं. कानाला जवळचं, आणि शेजारच्या शेतकऱ्याचंही तेच. आई-बापांकडून 'बेअर' आडनाव मिळालेल्या एका बर्लिनकर ज्यू संगीतकारानं आजोबांचं 'मायर' त्याला जोडलं आणि तो मायरबेअर या नावानं ऑपेराच्या जगात गाजला.

असे दोन ओढे एका पात्रात आले. एक लॅटिनमधला मोठा, दुसरा हिब्रूमधला प्रकाश देणारा. मिसळल्यावर कुठलं पाणी कुठलं, ते कोण सांगणार? मायर असं नुसतं म्हटलं तर तो चर्चला जाणारा की सिनेगॉगला, हे कळायला मार्ग नाही. शंभर-सव्वाशे वर्षं कुणाचं त्यामुळे काही अडलं नव्हतं.

मग नाझी आले, आणि त्यांचं अडलं.

17 ऑगस्ट 1938 रोजी एक हुकूम निघाला. ज्या ज्यू माणसाचं पहिलं नाव सरकारी यादीतलं, ओळखू येणारं ज्यू नाव नसेल, त्यानं 1 जानेवारी 1939पासून आपल्या नावापुढे आणखी एक नाव लावायचं. पुरुषांनी 'इस्राएल', बायकांनी 'सारा'. सही करताना, अर्ज देताना, व्यवहारात ते लिहिलंच पाहिजे. हुकूम आडनावांना हात लावत नाही, हे लक्षात घ्या. आडनावांवरून निवड करता येत नव्हती, म्हणून तर पहिल्या नावाला डाग द्यावा लागला. या हुकमामागून काय काय आलं ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. नावांची यादी आधी झाली, माणसांच्या याद्या त्यावरून झाल्या.

श्रोतेहो, हे वाचताना मला दूरदेशीचा इतिहास वाचतोय असं वाटलं नाही. मी मुसलमान आहे आणि मराठीत कविता लिहितो. आमच्या कोकणात खोत हिंदूही आहेत आणि मुसलमानही. देशावर पाटील, देशमुख, इनामदार दोन्ही घरांत आहेत. वतन मिळालं तेव्हा कागदावर काम लिहिलं होतं, त्या कामाचं आडनाव झालं. नुसत्या आडनावानं ओळख करून दिली तर समोरचा माणूस गाव विचारतो, पाऊसपाणी विचारतो. पहिलं नाव सांगितलं की क्षणभर थांबतो आणि म्हणतो, "पण तुमचं मराठी किती छान आहे हो!" तो वाईट माणूस नसतो. कौतुकच करत असतो. पण त्या क्षणभरात त्यानं मला एका रांगेतून उचलून दुसऱ्या रांगेत ठेवलेलं असतं, आणि ते मला कळतं. नाझींच्या हुकमाशी मी त्याची तुलना करत नाही. एवढंच म्हणतो, की माणसं निवडून वेगळी काढायची घाई झाली की सामाईक आडनाव पहिल्यांदा खुपायला लागतं.

मायरनं मात्र आपल्या परीनं सूड उगवला. जर्मनीत जुनी बोलण्याची पद्धत आहे, 'असं झालं तर माझं नाव मायर.' आपण 'नाव बदलीन' म्हणतो तसं. हिटलरचा विमानदलप्रमुख गोरिंग यानं युद्धाच्या आरंभी फुशारकी मारली, की शत्रूचं विमान जर्मनीवर आलं तर मला मायर म्हणा, असं सांगतात. 1940पासून विमानं आली आणि बॉम्बही पडले. मग भोंगा वाजला की बर्लिनकर म्हणत, "मायरचं शिंग वाजलं!"

काही मायर देश सोडून गेले, काहींनी स्पेलिंग सोडलं. रशियन साम्राज्यात जन्मून अमेरिकेत वाढलेल्या गोल्डा यांचं लग्नानंतरचं आडनाव मायरसन. 1956मध्ये त्या इस्रायलच्या परराष्ट्रमंत्री झाल्या, तेव्हा पंतप्रधान बेन-गुरियन यांच्या आग्रहावरून त्यांनी हिब्रू आडनाव घेतलं, मेईर. म्हणजे हे नाव फिरून आपल्या जुन्या माहेरी गेलं.

जर्मनीत राहिलेले मायर आजही असंख्य आहेत. इतके, की नाव फारच सर्वसामान्य आहे एवढ्या कारणावरूनही सरकारकडे ते बदलून मागता येतं. तरी पुष्कळ लोक ते बदलत नाहीत. तिकडे इमारतीच्या दाराशी घंटीच्या बटणांजवळ बहुधा आडनावच तेवढं लिहिलेलं असतं. 'मायर' एवढं वाचून आत मोठ्याचा वंशज आहे की प्रकाश देणाऱ्याचा, हे कळत नाही. आत कुणीतरी राहतं, एवढंच कळतं. घंटी वाजवायला तेवढं पुरतं.