चाच्यांच्या दरबारातले आंग्रे

चाच्यांचा चित्रपट म्हटला की शिडांची जहाजं हवीत, तलवारींचा खणखणाट हवा, आणि ज्याच्यावर कोणीही विश्वास टाकू नये असा एक नायक हवा. अमेरिकेतल्या डिस्ने कंपनीनं २००३ साली ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ हा चित्रपट काढला, त्यात हे सगळं भरपूर होतं, आणि वर कॅप्टन जॅक स्पॅरो होता. जॉनी डेप या नटानं उभा केलेला हा चाचा झिंगल्यासारखा झुलत चालतो, संकट आलं की आधी पळतो आणि पळता पळता जिंकतो. तमाशातला सोंगाड्या जहाजाच्या सुकाणूवर उभा केला तर कसा दिसेल, तसा. मी या चित्रमालेचा शौकीन आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढं जी तक्रार करणार आहे ती शौकिनाची तक्रार आहे.

२००६ साली दुसरा भाग आला, २००७ साली तिसरा, ‘अ‍ॅट वर्ल्ड्स एंड’. मला बोलायचं आहे ते या तिसऱ्याविषयी. जवळजवळ पावणेतीन तासांचा चित्रपट. त्यात कोण कोणाला कधी फसवतो याचा हिशेब ठेवायला वही-पेन्सिल घेऊन बसावं लागतं. कथेचा तो गुंता मी इथं सोडवीत बसत नाही. पण त्याची सुरुवात मात्र विसरण्याजोगी नाही. जमैका बेटावरच्या पोर्ट रॉयल बंदरात माणसं रांगेनं फाशी दिली जात आहेत. एक शिपाई फर्मान वाचतो आहे, की सभा घेण्याचा हक्क रद्द, वकील मिळण्याचा हक्क रद्द, पंचांसमोर चौकशी होण्याचा हक्क रद्द. रांगेत एक लहान मुलगाही आहे. आणि हे सारं कोणासाठी? ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारासाठी! चित्रपटातला खरा खलपुरुष कोणी राक्षस नाही; कंपनीचा एक सुटसुटीत बोलणारा, चहा पिणारा अधिकारी आहे. ज्या देशानं या कंपनीची राजवट अंगावर घेतली, त्या देशातल्या प्रेक्षकाला हे पाहून बरं वाटल्यावाचून राहत नाही. इतक्या मोठ्या परदेशी चित्रपटानं कंपनी सरकारला असं चव्हाट्यावर आणलेलं मी तरी फारसं पाहिलेलं नाही.

मग कंपनीशी झुंज देण्यासाठी साऱ्या समुद्रांवरचे नऊ चाचेप्रमुख एका ठिकाणी जमतात. जुन्या जहाजांचे सांगाडे एकावर एक रचून त्यांचं गाव बनवलं आहे; तिथं दरबार भरतो. कॅरिबियन समुद्राचा जॅक स्पॅरो, कोणी चीनकडचा, कोणी कास्पियन समुद्राचा, आणि हिंदी महासागराचा एक. भलंमोठं पागोटं, दाट दाढी. या पात्राचं नाव ‘श्री संभाजी’, आणि चित्रपटासोबत जे साहित्य निघालं त्यात त्याचं आडनाव दिलं आहे ‘अंग्रिया’.

अंग्रिया म्हणजे आपले आंग्रे. इंग्रजांच्या जुन्या दप्तरांत हे नाव असंच लिहिलेलं सापडतं.

आता हा संभाजी आंग्रे दरबारात करतो काय? तर काही नाही. तो स्वतः बोलत नाही, त्याचे सेवक त्याच्या वतीनं बोलतात. प्रेक्षकांना वाटतं, केवढा भारदस्त पुरुष! आणि शेवटी तो तोंड उघडतो तेव्हा आवाज निघतो चिमुकला, किनरा. थिएटरात हशा पिकतो. मार्शल मानेश या इराणात जन्मलेल्या अमेरिकन नटानं ते काम केलं आहे आणि हशा चोख वसूल केला आहे. मीही हसलो. पण हसू ओसरल्यावर मनात राहिलं ते वेगळंच.

गैरसमज नको, म्हणून सांगतो. हे छत्रपती संभाजी महाराज नव्हेत. हे कान्होजी आंग्रे यांचे चिरंजीव. कान्होजी १७१३ साली शाहू महाराजांच्या पक्षाला आले. बाळाजी विश्वनाथांनी तो करार घडवून आणला आणि मराठ्यांच्या आरमाराचं सरखेलपद कान्होजींकडे कायम झालं. सरखेल म्हणजे आरमाराचा मुख्य अधिकारी. कोकण किनाऱ्यावर व्यापारी जहाज न्यायचं तर सरखेलांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं. न घेतलं तर जहाज जप्त. यात नवं काही नव्हतं. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून याच समुद्रावर आपला परवाना सक्तीनं खपवीत होते. पण आंग्ऱ्यांनी तेच केलं तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटलं. १७१८ साली त्यांनी खांदेरीवर चाल केली, १७२१ साली पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्याच्या किल्ल्यावर. दोन्ही वेळा हात हलवीत परतले. कान्होजी १७२९ साली वारले. थोरले सेखोजी १७३३ साली गेल्यावर भावांत तंटा लागला, दौलत दुभंगली, आणि सरखेलपद विजयदुर्गाकडे संभाजींना मिळालं. कंपनीचं ‘डर्बी’ नावाचं मोठं जहाज १७३५ साली धरलं ते याच संभाजींनी.

आता आपण म्हणाल, जहाजं धरायची, माल उतरवून घ्यायचा, माणसं कैदेत ठेवून दंड मागायचा, मग चाचे आणखी वेगळे काय करतात? प्रश्न रास्त आहे. ज्याचं जहाज गेलं त्या व्यापाऱ्याला सरखेल आणि लुटारू यांतला भेद समजावून सांगणं कठीणच. तरी भेद आहे. आंग्ऱ्यांच्या मागं छत्रपतींची सनद होती, किल्ले होते, मुलूख होता, तह करण्याचा अधिकार होता. उलट, ज्याला निव्वळ चाचा म्हणावं असा हेन्री एव्हरी हा इंग्रज होता. त्यानं १६९५ साली औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे मक्केहून परतणारं जहाज लुटलं, यात्रेकरूंचे हाल केले, आणि त्यापायी सुरतेतल्या कंपनीच्या माणसांना मोगलांच्या कैदेत बसावं लागलं. त्याच्यामागं ना सनद, ना किल्ला.

गंमत अशी, की चित्रपटाला चाचे प्रिय आहेत. कंपनी ज्यांना चाचे म्हणते ते स्वातंत्र्याचे पाईक, असंच तो सांगतो. म्हणजे आंग्ऱ्यांना त्यानं आपल्या मते मानाच्या पंगतीला बसवलं आहे. पण बसवताना शिक्का तोच ठेवला, कंपनीनं मारलेला. सनद असलेला सरखेल त्या टेबलाशी बसल्यावर इतरांसारखाच एक लुटारू झाला, आणि त्यातही हसण्यापुरता. याच चित्रपटातल्या चिनी चाच्याची काही दृश्यं चीनमध्ये कापून दाखवली गेली. मला तो मार्ग पसंत नाही. कापून काय होणार? शिक्षकबंधूंनी हवं तर ते दृश्य वर्गात दाखवावं आणि मुलांना विचारावं, की या माणसाकडे कोणाची सनद होती.

माझी खरी तक्रार तर शेवटच्या लढाईची आहे. समुद्रात प्रचंड भोवरा फिरतो आहे, पाऊस कोसळतो आहे, दोन जहाजं त्या भोवऱ्याच्या काठानं गरगरत एकमेकांवर तोफा डागताहेत. तेवढ्यात नायक-नायिका तलवार चालवता चालवता लग्न लावून घेतात! बहारीचं दृश्य आहे. पण जमलेलं बाकीचं आरमार काय करतं? उभं राहून बघतं.

खरे आंग्रे कसे लढत, हे कोणी त्या दिग्दर्शकाला सांगायला हवं होतं. इंग्रजांचं जहाज उंच आणि जड, तोफांच्या रांगा दोन्ही बाजूंना, सारी भिस्त वाऱ्यावर. आंग्ऱ्यांच्या गुराबा उथळ तळाच्या, खाडीत शिरणाऱ्या. पुढच्या टोकाला तोफा. सोबत गलबतं, चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की इंग्रजांचं जहाज चिखलात रुतलेल्या गाडीसारखं जागच्या जागी. मग गलबतांनी गुराबांना दोर लावून ओढत न्यायचं ते जहाजाच्या पिछाडीला, जिथं त्याच्या तोफा पोचत नाहीत. तिथून शिडं आणि डोलकाठ्या तोडायच्या, आणि जहाज पांगळं झालं की चहूबाजूंनी माणसं चढवायची. भोवऱ्याची गरज नाही, वादळाची नाही; उलट समुद्र जितका शांत तितकी इंग्रजांची धडगत कमी. पडद्यावर हे किती रंगलं असतं! तेल ओतल्यासारखा निवांत समुद्र, लोंबकळणारी शिडं, आणि दुरून येणारा वल्ह्यांचा आवाज.

पुढं २०११ आणि २०१७ साली या मालिकेचे आणखी दोन भाग निघाले. मी दोन्ही पाहिले. जॅक स्पॅरो आहे. संभाजी आंग्रे मात्र त्यांत कुठं दिसत नाहीत.