मुलांची चित्रे आणि त्यांचा स्वामित्वहक्क



शाळेतील मूल मोबाइलवर चित्र रेखाटते. शिक्षक कौतुकाने ते इंटरनेटवर प्रसिद्ध करतो. पुढे तेच चित्र कुणा परक्याच्या दिनदर्शिकेवर निनावी छापले गेले, तर त्या मुलाच्या श्रमांचे श्रेय हरपते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र पूर्ण होताच त्याचा स्वामित्वहक्क चित्रकाराचा होतो, मग तो आठ वर्षांचा का असेना. त्यासाठी नोंदणी आवश्यक नाही. हा हक्क हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो.

तथापि कायदा चोरीनंतर धावतो. दक्षता आधीच घ्यावी लागते. पालकांची संमती घ्यावी. मोठ्या आकाराची मूळ प्रत तारखेसह जपावी. तोच पुढे पुरावा ठरतो. प्रसिद्धीस लहान प्रत द्यावी, म्हणजे तिची मोठी छपाई स्पष्ट येणार नाही. कोपऱ्यातील नाव कापता येते. म्हणून ते चित्रावरच फिकट अक्षरांत घालावे. मुलाचा पत्ता मात्र देऊ नये. चोरी आढळल्यास संकेतस्थळाच्या चालकाकडे लेखी तक्रार करावी.

परक्याचे चित्र वर्गात शिकविण्यासाठी वापरण्यास कायद्याची मुभा आहे. ते स्वतःचे म्हणून मिरविण्यास नाही. हा विवेक मुले शिक्षकाच्या आचरणातूनच शिकतात.